पिशवीतली लकाकी

इचलकरंजीच्या त्या रक्तपेढीतलं झोके देणारं यंत्र वर्षभर बंद होतं. बिघडलं नव्हतं, त्याची गरजच सरली होती. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स पूर्वी जेमतेम पाच दिवस टिकत, त्याही सतत हलवत ठेवल्या तर. आता त्यांच्यात 'निद्रक' घालत. मग 'साखर जाळा' हा निरोप पेशीच्या आतच अडे आणि त्या महिनाभर थंडीत निजून राहत. द्यायच्या वेळी ऊब आणि उतारा दिला, की जाग्या. साखर जळू लागली की ऊब देणाऱ्या यंत्रावर हिरवा दिवा लागे.

"मामा, दिवा लागला की! द्या लवकर. बायकोचं नाकातलं रक्त थांबंना झालंय." खिडकीत धोंडिराम उभा होता. बायकोला डेंगी झालेला.

पेढीतले जुने तंत्रज्ञ रामलिंगमामा कोष्टींनी पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच कलती केली. तीस वर्षांची सवय. जिवंत प्लेटलेट्स अंगानं चपट्या, म्हणून हलवल्या की रेशमासारख्या लकाकतात. ही पिशवी भाताच्या पेजेसारखी मंद होती.

"उठल्या नाहीत अजून."

"मामा, साखर जळतेय म्हणजे जाग्याच," डॉ. नाझनीन पटवेगार म्हणाल्या.

"तान्हं पोर झोपेतबी दूध पितं, मॅडम. हाकेला ओ देतं का?"

डॉक्टरांनी पुन्हा दिव्याकडं पाहिलं. उताऱ्यानं दोन निरोप सुटायचे: एक साखर जाळण्याचा, दुसरा पुन्हा चपटा आकार धरून जखमेकडं धावण्याचा. दिवा फक्त पहिल्यावर लागत होता. दुसऱ्याला किती वेळ लागतो, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"तुमची परीक्षा चाललीया, आन् तिकडं माझं माणूस चाललंय!" धोंडिरामनं खिडकीवर हात आपटला.

"एवढी एकच पिशवी आहे, बाबा. निजलेली दिली तर वाया जाईल. थांब."

मामांनी पिशवी दोन्ही तळव्यांत धरली. दर मिनिटाला उजेडात कलती करत. एकोणिसाव्या मिनिटाला आत एक लकाकी फिरली. धोंडिराम पिशवी घेऊन पळाला.

तासा-दीड तासानं वॉर्डातून फोन आला. रक्त थांबलं होतं. डॉक्टर हसल्या.

मामा हसले नाहीत. हातमोजे काढता काढता म्हणाले, "मॅडम, मंगळवारी त्या शिरोळच्या पोरीला आपण दिवा लागल्याबरोबर पिशवी दिली. ताप डोक्यात गेला, असं तुम्ही तिच्या आईला सांगितलंत. खरंच तापानं गेली का ती?"