आभाळ आधी

पंखा बंद ठेवलाय, राग मानू नका. कुंभकोणमच्या वैशाखात पाहुण्याला असं घामात बसवू नये, हे मलाही कळतं. पण आधी ऐकून घ्या.

मी सॉफ्ट पेस्टलच्या खडूंनी निसर्गचित्रं काढते. माझे गुरू पांडुरंगराव एका गोष्टीवर हटून बसत. आभाळ आधी, माणूस सगळ्यांत शेवटी. खडूची भुकटी खाली गळते, ज्याच्यावर पडेल तो मळतो. मी हसायचे. म्हाताऱ्याला सगळ्यातच सोवळं, म्हणायचे.

मंगळवारी दुपारी माझे यजमान सुंदरेश स्वामीमलैला मूर्तीच्या कारखान्यात निघाले. कावेरीच्या बांधावरून चाललेले गच्चीतून दिसले. निळा सदरा, रखरखीत ऊन. मोह आवरला नाही. आधी बांध काढला, त्यावर बोटभर सुंदरेश. आभाळ कोरंच राहिलं. ते मिळमिळीत वाटलं म्हणून मागाहून काळे ढग भरले. भुकटी नेमकी खालच्या सुंदरेशवर गळली. अशा वेळी कागद तिरका करून मागून टिचकी मारायची, हे मी शिकवणीच्या पोरांनाही शिकवते. आणि मीच फुंकर मारली.

बांधावरचा माणूस पुसला गेला.

बाहेर लख्ख ऊन होतं. फोन लागेना. कारखान्यातून कळलं, अजून पोचलेच नाहीत. हा माणूस गेला तर मला कुणी नाही. जिन्यात बसून विठ्ठलाला हात जोडत राहिले.

पाचाला ते आले. डोक्यापासून पायापर्यंत राखी भुकटी.

"बांधावर अंधारून आलं..." ते हळूच म्हणाले. "पाऊस नाहीं, अंबुजा. हेंच पडलं. मग कुणी फुंकल्यासारखा वारा... पुढचं आठवत नाहीं."

मी पंचा दिला. त्यांनी तोंड पुसलं. पंच्यावर गव्हाळ रंग उतरला, आणि डावी भुवई.

"पुसूं नका..." मी पंचा ओढून घेतला.

तेव्हापासून पंखा नाही, आंघोळ नाही. भुवई मी खडूनं काढून दिलीय. उजवीसारखी जमली नाही. रात्री कुशीवर वळू देत नाही, उशीला लागतात. चिडतात बिचारे. काय सांगू त्यांना?

मी मागं चूल बघत होते, म्हणजे तुम्हाला दार त्यांनीच उघडलं असणार. नुसते हात जोडलेत ना?

...हातात हात दिलात?

दाखवा बघू तुमचा तळवा.