राईतला खडा

ओतूरच्या कॉलेजात साधना पदार्थविज्ञान शिकवायची. मुलांना ती दरवर्षी ठासून सांगायची, अणूच्या गाभ्यातलं क्षीण बल नावालाच क्षीण. ते एकेका अणूला आतून बदलत राहतं. कुठला अणू कधी, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, आणि ते काम ना आगीनं थांबतं, ना बर्फानं.

१९९९ च्या डिसेंबरात ती आहुप्याला गेली. देवराईतल्या किरणोत्सर्गाची नोंद प्रबंधाला हवी होती. पिशवीत किरण आला की टकटकणारा गायगर काउंटर आणि तो तपासायला शेजारच्या कांद्याच्या वावरातलं पसाभर पोटॅश खत. त्यातले अणू बदलताना किरण थोडे, पण सतत निघतात. पोटात तिसरा महिना सरत आलेला. आधी दोनदा हाती आलेलं निसटलं होतं, म्हणून यंदा नवऱ्याखेरीज कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

राईच्या तोंडाशी झुंबरबाई बसली होती. आत जाणाऱ्या माणसागणिक एक खडा मांडायचा आणि तो बाहेर आला की उचलायचा, हे तिच्या घराण्याचं काम.

"किती जणं, बाई?"

"दिसतेय की. एकटीच."

"नीट सांगा. मोजलं न्हाई ते देवाचं ऱ्हातं."

साधनाचा हात पदराआड पोटाकडे गेला. मग तिचं तिलाच हसू आलं. "एकटीच, मावशी."

झुंबरबाईनं एक खडा मांडला.

आत हिरड्याचा तुरट वास होता. काउंटर नेहमीसारखा अडखळत टकटकत होता. तीसेक पावलांवर तो थांबला. दिवा चालू, बॅटरी नवी. तिनं पोटॅशची पुडी नळीला टेकवली.

टकटक नाही.

किडा वाजत नव्हता, पान हलत नव्हतं. ती भ्यायली. चपला हातात घेऊन पळतच बाहेर आली, तसा काउंटर वाजू लागला. झुंबरबाईनं खडा उचलला.

जानेवारीत सोनोग्राफी झाली. गर्भ अठ्ठावन्न मिलिमीटर, ठोके उत्तम. "दिवस मोजायला चुकलात, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

फेब्रुवारीतही अठ्ठावन्न. डॉक्टरांनी दुसऱ्या मशीनवर पाहिलं. तिथंही तेवढाच.

त्या दिवशी घरी तिनं काउंटर लावला. ओट्यापाशी टकटक. नवऱ्याच्या छातीशी टकटक.

आपल्या पोटाशी नेला. शांत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती आहुप्याला पोचली. "मावशी, मी खोटं बोलले. आम्ही दोघं होतो." तिनं स्वतःच दोन खडे मांडले.

झुंबरबाईनं ते बाजूला लोटले. "आता काय उपेग? ते आतच हाय."

"वाचेल ना?"

"मरायचं न्हाई, बाई." म्हातारी तिच्या तोंडाकडे बघेना. "त्येला आता कायबी व्हनार न्हाई."

२००७ साली साधनाच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. दर जानेवारीत ती नारायणगावला जाई, दरवेळी वेगळ्या डॉक्टरकडे, खोटं नाव सांगून.

"पहिलटकरीण का?" नव्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं. "छान आहे हो बाळ. अठ्ठावन्न मिलिमीटर."