बिनआवाजाचं हसू

मायक्रोफोनसमोर धपकन पडून दाखवणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. साल १९६२. म्हैसूरच्या रेडिओ स्टेशनवर मी नाटकांच्या प्रती लिहून काढायचं काम करायची. कागद पोचवायला गेले, तर काचेपलीकडे आवाजाची परीक्षा चाललेली. उंच, हडकुळा तरुण... नाटक कंपनीच्या खेळात दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन लोकांना हसवणारा. त्याने सवयीने पायात पाय अडकवला, तीन गिरक्या घेतल्या आणि आडवा झाला. रेडिओवर यातलं काय ऐकू येणार? नुसतं धप्प.

आमचे साहेब अनंतकृष्ण कपाळाला हात लावून बसले. मी मात्र हसत सुटले. आता माझं हसणं म्हणजे एक खोड आहे – त्याला आवाजच नाही. तोंडावर पदर जातो आणि खांदे तेवढे गदगदा हलतात. त्याने पडल्या पडल्या काचेतून माझे खांदे पाहिले, आणि उठून दुप्पट जोमाने सुरू झाला.

व्हरांड्यात त्याने मला गाठलंच.

"तुमी हसत होता, अल्लवा? हो ना?"

"मराठी? तुमी आमच्यातलेच काय?"

"मंडी मोहल्ल्यातला. प्राणेश. नाटकात गेल्यापासून घरात माझं नाव काढत नाहीत."

"काढणार तरी कसं?" मी म्हटलं. "प्राणेश म्हणून रस्त्यात हाक मारली तर लोक काय समजतील?"

बोलून गेले आणि जीभ चावली. तो हसला नाही. दुसऱ्याला हसवणारा हा माणूस स्वतः कधी हसायचा नाही... नुसता बघायचा. ते बघणं घेऊन मी नजरबादपर्यंत चालत घरी गेले आणि वाटेत आमचीच गल्ली ओलांडून पुढे निघून गेले.

साहेबांना त्याने सांगितलं, समोर कुणी हसलं नाही तर पुढचं वाक्य कधी टाकायचं ते मला कळत नाही. कार्यक्रम थेट जायचे, स्टुडिओत हूं का चूं चालत नसे. "आवाज न करता हसणारं माणूस कुठून आणू?" साहेब म्हणाले. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

मग दर शुक्रवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं मी स्टुलावर आणि तो मायक्रोफोनपुढे. त्याने हलू नये म्हणून खडूने वर्तुळ काढून ठेवलेलं. तरी त्याचा एक पाय बाहेरच.

"सुम्मने, गप एका जागी उभं राहायला काय होतं तुमाला?"

"राहतो की. तुमचे खांदे हलेपर्यंत."

दोन वर्षं अशीच गेली. सोमवार ते गुरुवार माझा जीव थाऱ्यावर नसायचा, आणि शुक्रवारी तर मुळीच नाही. एकदा तो आला तोच हातातल्या कागदाची सुरळी करत.

"सिनेमात बोलावलंय. मद्रासला."

"मग जा की."

"तिथं कोण हसणार, तुंगा? कॅमेऱ्यापुढे चिडीचूप असतं म्हणे."

तुमी नव्हे, तुंगा... पहिल्यांदाच नावाने हाक मारली त्याने. पण दोन वर्षं मनात कुरतडणारा प्रश्न त्याच क्षणी तोंडून निघाला. "तुमाला मी पाहिजे, का माझे खांदे?"

त्याने कागदाची सुरळी खिशात कोंबली. "मद्रासहून सांगतो," एवढंच म्हणाला आणि गेला.

चार महिने मी पोस्टमनची वाट बघत गेट आणि विहीर यांच्यामध्ये येरझाऱ्या घातल्या. अप्पांनी – म्हणजे माझ्या वडिलांनी – तोवर एका प्रोफेसराचं स्थळ आणलं. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. आणि एका दुपारी रेडिओ स्टेशनवर माझ्या नावाचा ट्रंक कॉल आला.

"तुंगा, उत्तर ऐक. खांदे इथं स्टेशनावरच्या कुठल्याही हमालाचे मिळतात. तू पाहिजेस. लग्न करशील माझ्याशी?"

मी हसायला लागले. आनंदाने डोळ्यांत पाणी आलं, खांदे हलत राहिले, शब्द काही फुटेना. तिकडून "हॅलो... हॅलो..." मग नुसती खरखर. आणि त्या खरखरीतून त्याचा आवाज – "नको... नको..."

ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली. फोन कटला.

इतक्या लवकर मन फिरलं? दोन दिवस वाट पाहिली. फोन नाही, पत्र नाही. तिसऱ्या दिवशी मी अप्पांना म्हटलं, दसरा झाला की बघायला येऊ देत.

दसऱ्यातच त्याचा सिनेमा लागला. जायचं नाही, जायचं नाही म्हणत दुपारच्या खेळाला जाऊन बसले. पडद्यावर तो पायात पाय अडकवून पडला. टॉकीज हसून कोसळली. आणि उठताना त्याने क्षणभर कॅमेऱ्याबाहेर, डावीकडे पाहिलं. माझं स्टूल तिथंच असायचं.

माझा बांध फुटला. तोंडावर पदर घेऊन मी हमसत राहिले.

"आता बरं हसू येतंय," मागच्या रांगेतून त्याचा आवाज आला. "त्या दिवशी फोनवर का नाही हसलीस?"

मी वळले नाही. वळवेना. "हसले होते. खूप."

"ऐकू आलं नाही. मी नकार समजलो."

"माझं हसणं कधी ऐकू आलंय कुणाला?"

मग अगदी हळू – "अय्यो... म्हणून तर ओरडत होतो मी. नगू, तुंगा, नगू..."

नगू. कन्नडमध्ये 'हस'. जन्म म्हैसुरात गेला, दिवसातनं शंभर वेळा तो शब्द कानावर पडतो. आणि नेमक्या त्या दिवशी मला मराठी ऐकू आलं.

"मला 'नको' ऐकू आलं," मी म्हटलं. "आणि आता मी हसत नाहीये, रडतेय."

"खांद्यांवरून कळत नाही ते."

"मग तोंडाकडे बघा की."

सिनेमासाठी गावी आलेला तो रांग ओलांडून शेजारच्या खुर्चीवर आला, आणि त्याने बघितलं. खेळ संपल्यावरच्या जनगणमनपर्यंत जागचा हलला नाही. संध्याकाळी आम्ही दोघं अप्पांसमोर जाऊन उभे राहिलो. अप्पा आठ दिवस बोलले नाहीत, नवव्या दिवशी प्रोफेसरांना पत्र टाकून आले.

पुढे बेंगळूरला टेलिव्हिजन आलं, तेव्हा यांच्या कानशिलांवर पांढरे केस होते. यांनी कॅमेऱ्याच्या डावीकडे एक स्टूल मागून घेतलं. तिथला तरुण साहेब म्हणाला, "सर, टेपवरचं हसू टाकतो ना. मॅडमचा तर आवाजच येत नाही."

"मला येतो," हे म्हणाले, आणि खडूच्या वर्तुळाबाहेर एक पाय टाकून उभे राहिले.