एका घोड्याची जागा

रांगेत कायम शेवटी चालणाऱ्या बाईला जगातल्या सगळ्या शेपट्या पाठ होतात. आमच्या घोड्यांची तोंडं ओळखताना मी एखाद वेळी चुकेन, पण नुसती शेपूट दाखवा, नाव सांगते. कुमाराची शेपूट झिजलेल्या केरसुणीसारखी. कुमारा म्हणजे आमच्याकडे रताळं, आणि घोडाही तसाच, गोल आणि मऊ स्वभावाचा. तुईची शेपूट लांब, सारखी इकडून तिकडे, नखरेल बाईच ती. आणि सगळ्यात पुढे कॅप्टनची राखी शेपूट, तिच्यावर माझ्या भावाची, तामातीची, रुंद पाठ.

वाइरोहा नदी समुद्राला मिळते तिथे आम्ही दोघं बहीणभाऊ पाहुण्यांना घोड्यावरून फिरवून आणतो. मानुकाच्या झुडपांतून निघायचं, वाळूच्या टेकड्या ओलांडायच्या, मग किनारा, आणि ओहोटी असेल तर नदीच्या उतारातून, म्हणजे पाणी उथळ असतं तिथून, पलीकडे. तामाती पुढे, मी मागे. मधेच तो वळून ओरडतो, "वरातीमागून घोडं आलं का?" आणि मी ओरडते, "आलं, आलं, तू नाकासमोर बघ!" पाहुणे हसतात. त्यांना वाटतं आजच सुचलेला विनोद आहे.

आई गेली तेव्हा तामाती माझ्या कमरेइतका होता. मीच वाढवला त्याला. लग्न त्यानं केलं नाही, मलाही जमलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या जगात हा एवढा एकच माणूस आहे, आणि तो दिवसभर माझ्या नजरेसमोर चालतो, पण हाताच्या टप्प्याबाहेर.

घोड्यांचा मानपान लग्नघरापेक्षा कडक. आधी पाणी कोण पिणार, कुणाच्या मागे कोण चालणार, हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं असतं, आपलं त्यात काही चालत नाही. एकदा ठरलं की मागचा पुढच्याच्या शेपटीला नाक लावून मुकाट चालतो. म्हणून यंदा, नदीला आलेला मोठा पूर ओसरल्यावर सफरी सुरू झाल्या आणि माझी घोडी पीपी कुमाराच्या मागे भलीमोठी जागा सोडून चालायला लागली, तेव्हा मला तिचा रागच आला. टाच मारली. ती फुरफुरली, दोन पावलं घाईनं टाकली आणि पुन्हा मागे राहिली. मधे एक घोडा आरामात मावेल एवढी जागा.

मी काही घाबरट बाई नाही. दुखणं असेल म्हणून खूर बघितले, दात बघितले, खोगीर काढून पाठीवर हात फिरवला. कुमारानं दुगाण्या झाडल्या असतील म्हटलं, तर त्याला स्वतःची माशी हाकलायचा कंटाळा. गावातून डॉक्टर बोलावला. तो म्हणाला घोडी ठणठणीत आहे, तुम्हीच जरा विश्रांती घ्या. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

पुढे एक दिवस पीपी आपोआप सुधारली. कुमाराच्या शेपटीला नाक लावून चालायला लागली. मी खूश होऊन तिची मान थोपटली आणि पुढे बघितलं, तर आता कुमारानं जागा सोडली होती. तेवढीच. एका घोड्याची.

त्या दिवशी कुमारावर मार्गो नावाची एक शिक्षिका होती, वेलिंग्टनची. गप्पिष्ट आणि गोड बाई. किनाऱ्यावर आल्यापासून तिचं तोंड बंद होतं, ते बघून मी पीपीला बाजूनं पुढे घेतलं. "बरं आहे ना सगळं?"

"बाकी मस्त आहे हो," ती म्हणाली, "पण पुढच्या घोड्याला जरा सांगा ना. किती वाळू उडवतोय!"

पुढचा घोडा बराच लांब होता आणि चालत होता. आम्ही भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत होतो. मार्गोनं चष्मा काढून मला दाखवला. दोन्ही काचांवर ओल्या वाळूचे ताजे ठिपके होते.

"वारा आहे," मी म्हटलं. वारा नव्हता.

संध्याकाळी मी पाव तळत होते. तामाती ओट्याला टेकून गरम गरम उचलून खात होता.

"तुझे घोडे बिघडलेत," मी म्हटलं.

"घोडे माझे आणि शेपट्या तुझ्या का? नक्की कुठं घोडं पेंड खातंय ते सांग सरळ."

"रांगेत जागा सोडतायत. एका घोड्याची. आधी माझ्या पुढ्यात होती, आता कुमाराच्या पुढ्यात गेलीय."

तो चावायचा थांबला. मग म्हणाला, "हं. मला वाटलं मलाच वाटतंय."

"काय?"

"मागे एक जण जास्त आहे असं. टापा कळतात ना मला, एवढी वर्षं ऐकतोय. एक टाप ओळखीची नाही. रोज जरा जवळ येते." त्यानं बोटं चाटली. "वाईट नाही गं वाटत, ताई. सोबत वाटते."

"सोबतीला मी मेले का?"

"तू शेवटी असतेस," तो म्हणाला. अगदी साधं म्हणाला, टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त लागलं.

मी म्हटलं, सफरी बंद करू या वर्षीपुरत्या. तो हसायला लागला. "मोकळ्या जागेला भिऊन? लोक काय म्हणतील, म्हातारे? घोडामैदान जवळच आहे, कळेलच काय ते."

मला मात्र चैन पडेना. घोड्यावर बसले की मान उंच करून आधी ती जागा शोधायची, ही सवयच लागली. पाहुणे विचारत, ते झाड कुठलं, तो पक्षी कुठला, आणि मी काहीबाही सांगून टाकायची. जागा पुढे सरकत होती. कुमारानं जागा सोडणं बंद केलं, मग त्याच्या पुढच्यानं सुरू केलं. घोडे तिला मान देत होते, जसा वरचढ घोडा कळपात आला की एकेक जण बाजूला होतो. शेवटी ती तुईच्या पाठीशी जाऊन थांबली. तुईच्या पुढे फक्त कॅप्टन. कॅप्टनवर माझा भाऊ.

मग मी ठरवलं, जागा आहे ना, मीच जाऊन बसते तिथे. पुढे जाऊ देणार नाही म्हणजे नाही.

किनाऱ्यावर आल्यावर पीपीला रांगेच्या बाजूनं पळवत वर आणलं आणि तुईच्या मागे घातलं. म्हणजे घालायला गेले. सकाळ गार होती, तरी पीपी मानेपासून पोटापर्यंत घामानं भिजली. कान पाडले, पाय रोवले. मी टाच मारली, शिवी दिली, पुन्हा टाच मारली. शेवटी तिनं मान खाली घातली आणि आत पाऊल टाकलं. मला ओल्या चामड्याचा वास आला, फार दिवस पाण्यात राहिलेल्या चामड्याचा. मग वास गेला. पीपीनं तुईच्या शेपटीला नाक लावलं.

जिंकले म्हणून मी मोठ्यानं हसले. तेवढ्यात तुईनं कान पाडले आणि ती हळू झाली. कॅप्टनची शेपूट लांब जायला लागली. एका घोड्याएवढी लांब गेली आणि तिथेच राहिली.

तामातीनं मागे वळून बघितलं नाही. "आता बरोबर पाठीशी आलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या हातापाया पडायची तेवढी बाकी ठेवली. म्हटलं, कॅप्टन लंगडतोय असं सांगू, मला ताप आहे असं सांगू. पाहुणे खोगिरावर चढून बसले होते, ऑकलंडची दोन जोडपी, हेल्मेट घालून फोटो काढत होती. तामाती माझ्या गालाला चिमटा काढून म्हणाला, "ताई, तू ना, आता खरंच म्हातारी झालीस." आणि निघाला.

टेकड्या ओलांडेपर्यंत ऊन होतं. नदीशी आलो आणि समुद्राकडून धुकं आत आलं. ओहोटी होती. उतार डाव्या हाताला, पुरात बुडालेल्या जुन्या कुंपणाचे खांब दिसतात त्यांच्या कडेकडेनं. उजव्या हाताला नदीचं तोंड. तिथे पाणी वरून शांत दिसतं आणि खाली तळ नाही. आमच्याकडची पोरं चालायच्या आधी हे शिकतात.

काठावर कॅप्टन थांबला.

तो कधीच थांबत नाही. बारा महिने तोच पहिला पाण्यात शिरतो. आज त्यानं आधी कान पाडले, मग टवकारले, आणि मग तो रांगेतून एक पाऊल बाजूला झाला. मान खाली घातली. कुणीतरी पुढे जाईपर्यंत थांबावं तसा थांबला.

मग त्या कुणाच्या तरी मागे चालू लागला. उजवीकडे.

तामातीनं लगाम ओढला नाही. तुई कॅप्टनच्या मागे वळली, तुईच्या मागे बाकीचे.

"तामाती! डावीकडे! डावीकडे रे!"

मी पीपीला पाण्यात घातलं. पाहुण्यांना ओरडले, "उतरा! खाली उतरा, घोड्याचं तोंड किनाऱ्याकडे धरा!" माझा आवाज ऐकूनच ती माणसं धडाधड उतरली. पाणी गुडघ्याएवढंच होतं. एक बाई रडत होती. घोडे मात्र शांत होते, पुढे बघत होते.

कॅप्टन पोटापर्यंत पाण्यात होता. मी तामातीच्या मागे दोन हातांवर पोचले.

"परत फिर!"

"अगं, पुढचा चालतोय ना," तो म्हणाला. किती शांत आवाज. "त्याला उतार माहितीये."

"पुढे कुणी नाही!"

तो वळला. माझ्याकडे बघितलं. लहानपणी ताप आला की असं बघायचा, माणूस ओळखीचा आहे पण नाव आठवत नाही, असं.

धुकं आमच्यामध्ये आलं.

मी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. पाण्याचा आवाज होता, आणि टापांचा. पाण्याखालच्या टापांचा आवाज येत नाही, हे मला माहीत आहे. तरी येत होता.

मग तोही बंद झाला.

मी त्याला हाका मारल्या. किती, देवाला ठाऊक.

आणि धुक्यातून कॅप्टनचं राखी तोंड बाहेर आलं. मागे तामाती, छातीपर्यंत भिजलेला, दात वाजत होते. आला! माझा भाऊ आला! मी त्याला आधी दोन धपाटे घातले, मग गळ्यात पडून रडले, पाहुण्यांसमोर, नाक गळेपर्यंत. "अगं, हो हो, पडशील घोड्यावरून," तो म्हणाला. अंग बर्फासारखं गार होतं. गारच असणार, पाणीच तसं होतं.

त्या दिवसापासून रांगेतली जागा नाहीशी झाली. घोडे पूर्वीसारखे एकमेकांच्या शेपटीला नाक लावून चालायला लागले. मला वाटलं, फिटलं. मी त्याच्यासाठी पाव तळले, पावाला मध लावला. त्यानं नेहमीसारखं उभ्यानं खाल्लं, नेहमीसारखी माझी टिंगल केली.

फक्त कॅप्टनचा मान गेला. पाण्याच्या हौदावर पूर्वी तो आला की सगळे बाजूला व्हायचे. आता कुणी बाजूला होत नाही. चावतही नाहीत, कान पाडत नाहीत. तो पीत असतो तिथेच कुमारा येऊन तोंड घालतो. घोडा एकदा घाबरला की मान जातो, असं मी स्वतःला समजावलं. तो पुढे निघाला की मागे कुणी येईना, म्हणून पलीकडच्या गावातून आमची चुलतबहीण पेताने आली. आता तुईवर बसून ती पुढे चालते. तामाती घरी बसायला तयार नव्हता. तो शेवटून दुसरा चालतो, कुमाराच्या मागे, माझ्या पुढ्यात. मला आधी आनंदच झाला. इतक्या वर्षांनी भाऊ हाताच्या टप्प्यात.

पण पीपी त्याच्यापाशी थांबत नाही. कॅप्टनच्या मागे चालताना ती वेग कमी करत नाही, सरळ त्याच्या अंगावर जायला लागते, जसं मधे काही नाहीच. पहिल्यांदा तामाती म्हणाला, "ताई, घोडी आवर ना." मी आवरली. तेव्हापासून सबंध वाटभर मी लगाम ओढून धरते. हातांना फोड आलेत. पेताने विचारते, एवढं मागे का राहतेस? मी म्हणते, वय झालं.

काल किनाऱ्यावर हात फारच दुखायला लागले, म्हणून मी लगाम जरा सैल सोडला. पीपी तशीच चालत गेली आणि कुमाराच्या केरसुणीसारख्या शेपटीला नाक लावून चालू लागली. मधे तिला कुठेच काही आडवं आलं नाही.

"तामाती?" मी म्हटलं.

"आहे की," तो म्हणाला.

मी दोन्ही हातांनी लगाम ओढला आणि पीपीला मागे घेत गेले, त्याच्यापुरती जागा होईपर्यंत.