डावं बटण

मला भुताखेतांचं वेड नाही.

मी हेमांगी. शाळेत तंत्रज्ञान शिकवते. मशीन का चालतं आणि का बंद पडतं, हे पोरांना पटवून देणं माझं काम. तरीही हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. कोणी हसलं की माझं डोकं फिरतं, म्हणून आधीच सांगते... हसू नका.

मागच्या दिवाळीआधीचा शनिवार. कुंभवलीजवळची आमची शाळा. भर दुपार.

एका कारखान्याने शाळेला जुना प्रेस दिला होता. पत्र्यावर ठोसा मारून चकत्या पाडणारा. नववीतल्या दीपालीने प्रदर्शनासाठी त्याला दोन बटणं बसवली. दोन्ही हात दोन बटणांवर असतील तरच ठोसा खाली येणार. म्हणजे आत हात राहायलाच नको.

तिचा बाप बुधा असल्याच प्रेसवर कामाला होता. काम भरभर व्हावं म्हणून तिथे एक बटण रबराने बांधून ठेवायचे. बुधाचा उजवा हात गेला. जखम चिघळली, मग बुधाही गेला.

"मॅडम, आता कोनाचा हात नाय गेला पायजे," एवढंच दीपाली म्हणायची.

त्या शनिवारी दीपाली मला प्रेस चालवून दाखवत असताना आत पत्रा अडकला. मिस्त्री म्हणून कुंदन आला. हा बुधाच्याच कारखान्यात सुपरवायझर होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बटणं बघून तो हसला. खिशातून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली आणि डावं बटण आवळून बांधलं.

माझा संताप संताप झाला. मी कात्रीने पट्टी कापून टाकली.

"बरं मॅडम, तुमचंच खरं. आता एका बटनावर ते चालनारच नाय. बघा."

त्याने डावा हात ठोशाखाली घातला. उजव्याने उजवं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

मग...

डावं बटण आत गेलं. सावकाश. कोणीतरी बोट टेकवून दाबावं तसं.

ठक्!

हाडं फुटल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. रक्त फळ्यापर्यंत उडालं. कुंदन गुरासारखा ओरडत होता. त्याचा उजवा हात बटणावरून सुटेना.

ठोसा वर गेला... पुन्हा आला.

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. दिवे गेले. पंखा थांबला.

ठोसा थांबला नाही.

ठक्! ठक्!

"बाबा, बस!" दीपाली किंचाळली.

तेव्हा थांबला.

कुंदनचा हात मनगटापासून कापावा लागला. दुसऱ्याच दिवशी मी प्रेसची मोटर काढायला लावली. वायर कापली. खोलीला कुलूप घातलं. अपघात झाला, असं सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगत राहिले.

मग महिन्याभराने शेजारच्या वर्गात शिकवताना भिंतीपलीकडून आवाज आला...

ठक्.

मी पळाले. कुलूप उघडं होतं. दीपाली प्रेससमोर उभी होती. उजवा हात बटणावर. डावा ठोशाखाली.

डावं बटण हळूहळू आत जात होतं.

"घाबरू नका मॅडम. बाबा हाय ना तिकडं. तो माजा हात नाय घेनार."

मी तिला दंडाला धरून जिवाच्या आकांताने मागे खेचलं. आम्ही दोघी फरशीवर आपटलो.

ठक्!

तिचा हात होता तिथेच ठोसा बसला होता. बाप थांबला असता का? मला कळत नाही. मला ते बघायचंही नव्हतं.

"तुमी मधी नाय यायचं," ती रडत म्हणाली. "तो मला फक्त प्रेसवरचं काम शिकवत होता."

आता तिथे दुसरं कुलूप आहे. किल्ली माझ्या गळ्यात असते. परवा खिडकीतून डोकावले. सगळ्या प्रेसवर धूळ बसलीय. उजव्या बटणावरही.

डावं मात्र... लख्ख आहे.

दीपाली रोज शाळेत येते. हजेरीला तिचं नाव आलं की मला धडकी भरते. ती "हजर" म्हणते, पण मी तिच्या तोंडाकडे बघत नाही.

आधी तिचे दोन्ही हात बघते.