मीराबाईंच्या गाठीची काच

काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डॉ. शामला मेश्रामांचा हात थबकला.

चिठ्ठीवर लिहिलं होतं : मीराबाई, मूत्रपिंडाची गाठ, औषधानंतर. पेशी संकटात सापडली की ती ताण-प्रथिन बनवते. या गाठींमध्ये ते गच्च भरलेलं असायचं, तपासणीत गडद तपकिरी दिसायचं. इथं रंग जेमतेम, निरोगी मूत्रपिंडात दिसावा तेवढाच. काचेवरचा पातळ छेद नखाएवढा रुंद, आणि त्यात रक्त गाळणारे गोल गुच्छ जागोजागी.

याच काचेच्या भरवशावर डॉ. उन्मेष देवपुजारी ऑपरेशन रद्द करून मीराबाईंना दुपारी नंदनवन वस्तीतल्या घरी पाठवणार होते. औषध त्यांच्याच संशोधनातलं.

शामलाबाईंनी टेक्निशियन गौरांगला बोलावलं.

"एक काच फार फिकी आलीय."

"कोणाची, मॅडम? परत कापून देतो."

"रंगवल्यावर ट्रे कुठे जातो?"

"रितिकाकडे. मग सरांच्या खोलीत."

रितिका संशोधक विद्यार्थिनी. तेच वाक्य ऐकून ती गोंधळली. "कोणत्या पेशंटची? माझ्याकडून चिठ्ठी चुकली का?"

शेवटी देवपुजारी आले. तेच वाक्य.

"मीराबाईंची ना? येणारच फिकी. औषधानं गाठ निवलीय," ते हसले. "परत कापायला मात्र काही उरलं नाही. सुईनं काढलेला धाग्याएवढा तुकडा होता."

शामलाबाईंनी दार लोटून घेतलं.

"मी तिघांशीही एकच वाक्य बोलले. नाव कुणालाच सांगितलं नाही. त्या दोघांनी विचारलं, तुम्ही सांगितलंत."

"अंदाज केला."

"मग धाग्याएवढ्या तुकड्यातून नखाएवढा छेद कसा निघाला? आणि हे गुच्छ? गाठीत ते नसतात. दुसऱ्या कुणाच्या तरी काढलेल्या मूत्रपिंडाच्या निरोगी भागाची ही काच आहे. तिच्यावर तुम्ही मीराबाईंची चिठ्ठी चिकटवलीत. खऱ्या काचेत औषध हरलेलं दिसत असणार."

देवपुजारींनी कोटाच्या खिशातून एक काच काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर धाग्यासारखी बारीक रेघ होती, गडद तपकिरी.

"सात वर्षं घातली मी या औषधात," ते म्हणाले.

शामलाबाई काच घेऊन सर्जनकडे गेल्या, तिथून वॉर्डात. मीराबाई पिशवी बांधून पलंगावर बसल्या होत्या.

"आज घरी जायचं नाही, मीराबाई."

"काहून बाई? सुट्टी देऊन राहिले होते न मले?"

"गाठ कमी झालेली नाही. पण अजून काढता येते. उद्याच काढू."

मीराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पिशवीची गाठ सोडायला घेतली.

"मंग माह्या लेकाले फोन लावून द्या. मले घ्याले निंघाला असन तो."