नावाड्याचा आवाज

तेलघाण्याच्या वरच्या मजल्यावर चुंग गुरुजींची ध्वनिमुद्रणाची खोली होती. हुवेइ गावात बाहुल्यांचे खेळ करणारी मंडळी पुष्कळ. पण सेनापतीपासून भांडकुदळ म्हातारीपर्यंत सगळ्यांना एकट्याच्या गळ्यातून बोलतं करणारे गुरुजीच. आजारपणात डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलत आणि खेळ जुन्या मुद्रणावर चालत. ते सगळं मुद्रण कोपऱ्यातल्या संगणकाला जोडलेल्या स्टोरेजच्या काळ्या पेटीत होतं. पेटी सांभाळायची गुरुजींच्या मंडळीतली पेइ-शान.

जत्रेच्या तोंडावर गुरुजींची मुलगी त्सुइ-ओ रडवेली होऊन तिच्यापाशी आली.

"पेइ, घात झाला गं! जागा करायला गेले आणि बाबांचं अख्खं फोल्डर उडवलं."

"ताई, आधी बसा. पेटी दर तासाला स्नॅपशॉट घेते. त्या घडीला आत जे असतं ते जसंच्या तसं गोठून राहतं. त्यात मलासुद्धा काना-मात्रेचा फरक करता येत नाही."

"मग ताइनानला तुझ्या भावाकडे रोज बॅकअप कशाला पाठवतेस?"

"स्नॅपशॉट याच पेटीत राहतात. उद्या खालचा घाणा पेटला तर पेटीबरोबर तेही जातील. बॅकअप दूर असलेला बरा."

तिने ताजा स्नॅपशॉट उघडला. फोल्डर सहीसलामत होतं. खात्री करावी म्हणून तिने नदीकाठचा प्रवेश लावला. गुरुजीही येऊन बसले. खालून भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता.

हरलेला सेनापती काठावर येतो आणि हाक मारतो, "नावाडी आहे का कोणी?" त्यावर नुसती शांतता, मग झांज. गावातली पोरंही हे सांगतील.

"आहे," आवाज आला. "आलोच."

त्सुइ-ओ हसली. "बाबा, हा कधी भरलात?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'नाटकात नावाडी नाही.'

आवाज मात्र त्यांचाच होता. फक्त थकलेला, ओलसर.

पेइ-शानने ताइनानहून बॅकअपची प्रत मागवली. तिच्यात हाकेनंतर शांतता होती, पूर्वीसारखी. कोणीतरी इथल्या फाइलवर चढवून मुद्रण केलं असेल, असं तिला वाटलं. पण दोन्ही फाइलींची तारीख तीच, आकार तोच. ती जुने स्नॅपशॉट उघडत मागे मागे गेली. आदल्या दिवशीच्या स्नॅपशॉटमध्ये शब्द नव्हते, लांबवर वल्हं वाजत होतं. त्याच्या आधीच्यात नुसतं पाणी.

कोणीही हात न लावलेल्या फाइलमध्ये कोणीतरी जवळ येत होतं.

"पुसून टाक सगळं," त्सुइ-ओ म्हणाली. "जत्रेत बॅकअपवाली प्रत लाव."

पेइ-शानने बॅकअपची प्रत जागेवर ठेवली आणि स्नॅपशॉट पुसायला घेतले. तेवढ्यात गुरुजींनी तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने त्यांनी लिहिलं, 'तो राहू दे. माझा आवाज अजून नवं काही बोलतोय.'

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्याने नाही म्हणवलं नाही. तेवढा एक स्नॅपशॉट तिने ठेवला.

जत्रेतला खेळ बिनघोर पार पडला. गुरुजी मात्र रोज दुपारी कानाला हेडफोन लावून खोलीत बसू लागले. एकदा पेइ-शानने दारातून पाहिलं. ते ओठ हलवत होते, मग थांबून ऐकत होते, मान डोलवत होते.

"काय ऐकताय, गुरुजी?"

त्यांनी पाटी पालथी केली.

पुढच्या आठवड्यात दोघी जेवणाचे डबे घेऊन वर आल्या, तर गुरुजी खुर्चीतच गेलेले. चेहरा शांत होता. त्सुइ-ओने हाका मारमारून हेडफोन काढला आणि मग डब्यांवरच बसकण मारली. भातावरचा रस्सा फरशीवर पसरत गेला.

अंत्यविधी झाल्यावर पेइ-शान एकटीच खोलीवर गेली. बाहेर लख्ख ऊन होतं, घाणा चालू होता. आता तो स्नॅपशॉट पुसायचाच, असं ठरवून ती बसली. पुसण्याआधी एकदाच ऐकू, म्हणून तिने हेडफोन चढवला.

सेनापतीची हाक तिथे नव्हती.

पाणी होतं. वल्हं एका लयीत पडत होतं. दोन माणसं हळू आवाजात बोलत होती. एकाचा आवाज थकलेला, ओलसर. दुसऱ्याचा खणखणीत, आजाराआधीचा. तो कशावरून तरी मोकळेपणाने हसला.

पेइ-शानने हेडफोन कानांवर दाबून धरला.

"हळू," पहिला म्हणाला. "पोरगी ऐकतेय."

आणि वल्हं थांबलं.